दोन पावसांचे बेट : श्रीलंकेतील वन्यजीव सहल समजून घेताना

ऑगस्टच्या मध्यावर श्रीलंकेच्या दक्षिण टोकाशी असलेल्या मिरिस्सा बंदरात देवमासे दाखवायला नेणाऱ्या बोटी बहुतेक दिवस धक्क्याला बांधलेल्या असतात, कारण समुद्र उसळलेला असतो. तेथून थोडे आत, सिंहराजाच्या जंगलात सरींवर सरी येत असतात आणि पायवाटांवर जळवांचे राज्य असते. त्याच दिवशी, सुमारे सव्वादोनशे किलोमीटर उत्तरेला मिन्नेरियाच्या काठी मात्र आभाळ कोरडे ठणठणीत असते, जीपमागे धुळीचे लोट उठतात आणि आटत चाललेल्या तलावाच्या हिरव्या पात्रात शंभर-दोनशे हत्ती एका नजरेत मावतात. बेट एक, आठवडा एक, आणि ऋतू मात्र दोन.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी बावीस जणांच्या एका गटाबरोबर तेथे गेलो होतो. कार्यक्रमपत्रिकेत सातव्या दिवशी देवमाशांचे दर्शन छापलेले होते. पहाटे साडेपाचला सगळे बंदरावर जमले आणि बोट सुटणार नाही असे कळले. गटातील एका काकूंनी आयोजकांना विचारले, “अहो, पण तुम्ही छापलंय ना?” त्या प्रश्नाला तेथे कोणाकडेच उत्तर नव्हते. मे महिन्यात त्या किनाऱ्यावर देवमाशांच्या भरवशावर जाणेच मुळात चुकीचे होते, आणि हे कार्यक्रम छापण्यापूर्वी सहज कळण्यासारखे होते. या बेटावर कोणता प्राणी कुठे, केव्हा आणि का दिसतो, याचा हिशेब जवळजवळ सगळा पावसाच्या हातात आहे. तो एकदा समजला की हत्ती, बिबटे, ढगांतली जंगले आणि समुद्र या सगळ्यांना जोडणारा धागा हाती लागतो. म्हणून येथे तो सविस्तर मांडत आहे.

श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडेसे अधिक आहे. बेटाचा बराचसा भाग सपाट किंवा किंचित उंचसखल आहे. फक्त मध्यापासून दक्षिणेकडे डोंगरांचा एक घट्ट पुंजका उभा आहे. त्यातील सर्वोच्च शिखर पिदुरुतलागल २,५२४ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसुबाईपेक्षा सुमारे पावणेनऊशे मीटरने उंच आहे. हे डोंगर ज्वालामुखीचे नाहीत. दख्खनच्या काळ्या बसाल्टच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कड्यांची सवय असलेल्या डोळ्यांना तेथे काहीतरी वेगळे जाणवते, ते यामुळेच. तेथे नाइस या जातीचा अतिप्राचीन खडक आहे; तो पायऱ्यांनी झिजत नाही, तर गोलाकार घुमटांच्या रूपात उरतो. सपाट जंगलातून एकाएकी वर आलेले असे घुमट उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत दिसतात. सिगिरियाचा सुप्रसिद्ध दुर्ग अशाच एका उभ्या खडकावर आहे, आणि आग्नेयेकडील ‘याला’ नावाच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे उन्हाला बसतात तेही अशाच खडकांच्या माथ्यावर.

या डोंगरपुंजक्यावर दोन वेगवेगळ्या दिशांनी पाऊस येतो. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्राकडून येतात, पश्चिम व नैर्ऋत्य उतारांवर आदळतात आणि तेथे मुसळधार कोसळतात. इथपर्यंतची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे, कारण सह्याद्रीत नेमके हेच घडते. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि पलीकडे फलटण-माण तहानलेले, ही पर्जन्यछाया आपण दरवर्षी पाहतो. श्रीलंकेतही डोंगर ओलांडून पूर्वेला उतरणारा वारा कोरडा आणि तापलेला असतो. तेथे त्याला कच्चान म्हणतात. फरक पडतो तो त्यानंतर. डिसेंबर ते फेब्रुवारीत वारे उलटे फिरतात, ईशान्येकडून बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात आणि जी बाजू पाच महिने सावलीत होती तीच आता समोर येते. या दोहोंच्या मधल्या दिवसांत, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दुपारनंतर गडगडाटी पाऊस जवळपास सगळीकडे पडतो आणि उपसागरातील कमी दाबाचे पट्टे त्यात भर घालतात. सबंध बेटाला एकाच वेळी पावसाळा आणि एकाच वेळी उन्हाळा, असे तेथे नसतेच.

याचा परिणाम म्हणून बेटाचे ढोबळमानाने दोन पट्टे पडतात. नैर्ऋत्येचा ओला पट्टा वर्षाला २,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस घेतो, आणि पश्चिम उतारांवर काही ठिकाणी तो ५,००० मिलिमीटरच्याही पुढे जातो. बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग व्यापणारा कोरडा पट्टा १,७५० मिलिमीटरच्या आत राहतो. वायव्येला मन्नार आणि आग्नेयेला हंबनतोटा येथे तर पाऊस १,००० मिलिमीटरच्या आसपास असतो. हा आकडा मराठवाड्यातील शेतकऱ्याला कोरडा वाटणार नाही, पण यातील बहुतेक पाणी ऑक्टोबर ते जानेवारी या काळातच पडते आणि पुढे दीर्घ, तापदायक उन्हाळा असतो. शेतीचे दोन हंगामही यावरूनच ठरतात: मोठ्या पावसाचा तो ‘महा’ आणि उन्हाळ्याकडचा, कमी पाण्याचा तो ‘यल’.

आता मिन्नेरियाचे हत्ती पाहू, कारण या बेटावरील निसर्ग आणि माणूस यांची गुंतागुंत तेथे जितकी स्पष्ट दिसते तितकी इतरत्र क्वचितच दिसते. मिन्नेरिया हा नैसर्गिक तलाव नाही. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात महासेन राजाने तो बांधला. कोरड्या पट्ट्यात चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरवायचे तर ते अडवण्याला पर्याय नव्हता, आणि म्हणून दोन हजार वर्षांहून अधिक काळ तेथील लोक बांध घालून तलाव करत आले. अशा तलावाला सिंहली भाषेत ‘वेव’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘वापी’वरून आला आहे, आणि आपली ‘बाव’ही तेथूनच आली आहे. गावोगावचे लहान तलाव एकाखाली एक अशा साखळीत बांधलेले असत, म्हणजे वरच्या शेतातून निथळलेले पाणी खालच्या तलावात पुन्हा जमा होई. आज ज्याला आपण श्रीलंकेचे वन्यजीवन म्हणतो त्यातील हत्ती, पाणपक्षी आणि मगरी मोठ्या प्रमाणावर या मानवनिर्मित पाण्यावर जगतात.

जानेवारीपर्यंत भरलेला मिन्नेरिया पुढे यल हंगामातील भातशेतीसाठी सोडला जातो. जूननंतर त्याचे पाणी झपाट्याने मागे हटते आणि उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर कोवळे गवत उगवते. भोवतालचे रान तेव्हा करपलेले असते. मग आसपासच्या जंगलांतून हत्तिणींचे कळप पिलांसह या हिरवळीकडे येऊ लागतात, त्यांच्या मागावर नर येतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ही संख्या कधीकधी तीनशेच्या घरात जाते. आशियाई हत्तींचा एवढा मोठा मेळावा जगात अन्यत्र सहसा पाहायला मिळत नाही. दुपारी तीननंतर जीप काठाशी लावून, इंजिन बंद करून, एकाच हत्तिणीकडे दहा मिनिटे पाहावे. ती पुढच्या पायाच्या नखांनी गवताचा झुपका ठोकरून सैल करते, सोंडेने उपटते, मग तोच झुपका पायावर दोन-तीनदा आपटून मुळाची माती झाडते आणि त्यानंतरच तो तोंडात घालते. माती तशीच खाल्ली तर दात लवकर झिजतात, आणि हत्तीचे दाढांचे शेवटचे संच झिजले की त्याचे आयुष्य संपत येते. शेजारचे पिलू तेच करायला जाते, गवत अर्धे सांडते, आणि पुन्हा सुरुवात करते. आमच्या गटातील मुले हे पाहताना इतकी शांत झाली होती की चालकाने मागे वळून पाहिले.

येथे एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. बहुतेक नरांना सुळे नसतात. श्रीलंकेत सुळेवाला नर इतका विरळ आहे की सिंहलीत त्याच्यासाठी निराळा शब्द आहे: सुळे नसलेला तो ‘अलिया’ आणि सुळे असलेला तो ‘ऐता’. त्यामुळे फोटोत दात दिसत नाहीत म्हणून ती हत्तीण, असा समज करून घेऊ नये. कपाळाचा फुगवटा, अंगाचा बांधा आणि एकटेपणा यांवरून नर ओळखता येतो.

हा मेळावा कायम असाच भरेल, याची मात्र खात्री देता येत नाही. अलीकडच्या वर्षांत मोरगहकंद धरणाचे पाणी उन्हाळ्यातही मिन्नेरियात सोडले गेल्याने गवताचा काठ बुडून राहिला आणि हत्तींची संख्या घटल्याच्या तक्रारी वन्यजीव अभ्यासकांनी केल्या आहेत. तलावात भरपूर पाणी असणे हे हत्तींसाठी नेहमीच चांगले, असा आपला सहज समज होतो. येथे तो खोटा ठरतो, कारण हत्तींना हवा असतो तो पाण्याने मागे सोडलेला काठ. शेतकऱ्यालाही पाणी हवेच आहे. २०११ च्या गणनेत श्रीलंकेत ५,८७९ हत्ती मोजले गेले, आणि त्यांचा बराचसा वावर राखीव जंगलांबाहेर, शेतांच्या आणि वस्त्यांच्या सोबतीने आहे. २०२३ या एका वर्षात तेथे साडेचारशेहून अधिक हत्ती आणि दीडशेहून अधिक माणसे या संघर्षात वा त्याच्या अनुषंगाने मरण पावली. २० फेब्रुवारी २०२५ रोजी हबरणजवळ प्रवासी रेल्वेगाडीची धडक बसून सहा हत्ती दगावले. मिन्नेरियाला येणारे बहुतेक पर्यटक ज्या हबरणमध्ये मुक्काम करतात, तेच हे गाव.

हत्तींच्या बाबतीत सहलीच्या गटाच्या हातात दोन साध्या गोष्टी आहेत. दक्षिणेकडील उडवलवे राष्ट्रीय उद्यानाच्या रस्त्याकडेच्या विजेच्या कुंपणाशी हत्ती फळांसाठी उभे असतात; त्यांना गाडीतून केळी देऊ नयेत, कारण माणसाकडे अन्न मागायला शिकलेला हत्ती पुढे दुकानात आणि घरात सोंड घालतो आणि शेवटी जीव गमावतो. दुसरे, हत्तीला आंघोळ घालणे आणि त्याच्यावर बसून फेरी मारणे कार्यक्रमात असल्यास ते काढून टाकण्याची मागणी आयोजकांकडे आधीच करावी. त्याऐवजी उडवलवे येथे अनाथ पिलांसाठी सरकारी संगोपन केंद्र आहे. तेथे पर्यटकांना दूरच्या ओट्यावर बसवतात, पिलांना स्पर्श करू देत नाहीत, ठरलेल्या वेळी दूध पाजतात आणि सुमारे पाच वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा रानात सोडतात. हाक मारताच धावत येणारी ती पिले पाहून मन भरून येते, आणि त्यांना हात लावता येत नाही हीच त्या केंद्राची खरी थोरवी आहे.

उत्तरेच्या सपाटीवरून कँडीमार्गे नुवारा एलियाला चढताना उंचीचा प्रभाव दिसू लागतो. ज्या चहाच्या मळ्यांचे फोटो काढायला सर्वजण बस थांबवायला सांगतात, ते मळे एकेकाळच्या डोंगरी जंगलाच्या जागेवर आहेत. प्रथम ते जंगल कॉफीसाठी तोडले गेले. १८६९ च्या सुमारास पानांवरच्या तांबेऱ्याने कॉफी बसायला लागली. आणि १८६७ मध्ये जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने लूलकंदुर येथे लावलेल्या चहाने पुढे सगळे उतार व्यापले. मूळचे जंगल आता तुकड्या-तुकड्यांनी उरले आहे. हॉर्टन प्लेन्स, श्रीपाद शिखराभोवतीचे अरण्य आणि नकल्स डोंगर या तीन तुकड्यांना मिळून २०१० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

हॉर्टन प्लेन्स हे सुमारे २,१०० मीटर उंचीवरचे पठार आहे. तेथे पहाटे पारा शून्याजवळ जाऊ शकतो, हे विषुववृत्तापासून अवघ्या सात अंशांवर असताना ध्यानात येत नाही, आणि दरवेळी गटातील निम्मे लोक पातळ सदऱ्यांत कुडकुडत उभे असतात. पठारावर गवताळ मोकळी जागा आणि तिच्या कडेने बुटक्या, वाकड्या झाडांचे दाट वन अशी रचना आहे. वारा झाडांना उंच होऊ देत नाही. ढग मात्र थेट त्यांच्या पानांतून वाहतात, बाष्पाचे थेंब शेवाळावर आणि फांद्यांवर जमतात आणि पाऊस नसतानाही जमीन ओली राहते. बेटाच्या मोठ्या नद्यांना, त्यांत ३३५ किलोमीटर लांबीच्या महावेलीलाही, या उंच प्रदेशातून पाणी मिळते. म्हणजे उत्तरेच्या कोरड्या पट्ट्यातील शेते आणि पर्यायाने तेथील हत्तीही काही अंशी या शेवाळलेल्या झाडांवर अवलंबून आहेत.

येथे घाईने चालू नये. शेवाळाने मढलेल्या एखाद्या आडव्या फांदीवर बारकाईने पाहिल्यास बोटाएवढा लांब, हिरवट-तपकिरी सरडा दिसतो, आणि नराच्या नाकाच्या टोकावर पांढुरके, टोकदार शिंग असते. हा शिंगधारी सरडा फक्त श्रीलंकेच्या डोंगरात आढळतो. त्याचे जवळचे भाऊबंदही याच बेटावर, वेगवेगळ्या डोंगरांवर आहेत. तो पळत नाही, निश्चल बसतो, आणि म्हणूनच पन्नास माणसे बोलत-बोलत त्याच्याजवळून निघून जातात. प्रवेशद्वारावर पिशव्या तपासून बिस्किटांच्या पुड्यांची प्लॅस्टिकची वेष्टणे काढून घेतली जातात. याचा काहींना राग येतो, परंतु वाहनतळाशी खाऊसाठी घुटमळणारी सांबरे पाहिली की ही तपासणी का आवश्यक आहे ते उमगते.

सुमारे नऊ किलोमीटरच्या त्या फेरीत जगाचे टोक या नावाने ओळखला जाणारा कडा लागतो, आणि तेथे जमीन आठशे मीटरांहून अधिक खोल तुटते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिलेल्यांना ती जाणीव परिचित आहे. सकाळी नऊ-दहानंतर दरीतील तापलेली हवा वर चढते, तिच्यातील बाष्पाचे धुके होते आणि कडा पांढऱ्या पडद्याआड जातो. म्हणून नुवारा एलियाहून पहाटे चार-साडेचारला निघणे हा आयोजकांचा हट्ट नसून गरज आहे, आणि आदल्या रात्री साडेनऊला झोपलेला गटच तेथे काही पाहू शकतो.

डोंगर उतरून आग्नेयेकडे गेले की पुन्हा कोरडा पट्टा सुरू होतो. ९७९ चौरस किलोमीटरचे याला राष्ट्रीय उद्यान येथे आहे, आणि लोक तेथे जातात ते बिबट्यासाठी. भारतात बिबट्या वाघाला वचकून राहतो, शिकार झाडावर ओढून नेतो, रात्रीचा आडोसा धरतो. श्रीलंकेत आज वाघ नाही, सिंह नाही, रानकुत्रेही नाहीत. बिबट्याच तेथला सर्वांत मोठा शिकारी आहे. म्हणून तो दिवसाढवळ्या वाटेने चालतो, खडकावर पसरतो आणि शिकार बहुधा जमिनीवरच खातो. जुन्नरच्या उसात दडून राहणारा बिबट्या आणि हा बिबट्या एकाच जातीचे असूनही त्यांची राहणी किती भिन्न झाली आहे, हे पाहण्यासारखे आहे.

या उघडेपणामुळेच यालात गर्दीचा प्रश्न तीव्र झाला आहे. एक बिबट्या दिसला की चालकांचे फोन खणखणतात आणि पाच मिनिटांत तीस-चाळीस जीपा त्या वळणावर अडकतात. चालक असे करतो, कारण बिबट्या दिसला नाही तर पाहुणे नाराज होतात आणि बक्षिसी मिळत नाही. म्हणजे ही धावपळ पाहुण्यांनीच निर्माण केलेली आहे. गटप्रमुखाने आदल्या संध्याकाळी चालकांना बसवून सांगावे की बिबट्या दिसला नाही तरी ठरलेली रक्कम मिळेल, आणि पाठलाग करायचा नाही. माझ्या अनुभवात, एका पाणवठ्यावर पाऊण तास थांबलेल्या जीपला चितळांचा इशारा, मगरीचे सरपटणे, रंगीत करकोच्याची मासेमारी असे कितीतरी पाहायला मिळते. जून-जुलैत ‘पालू’ नावाच्या झाडांना पिवळी गोड फळे लागतात आणि अस्वले ती खायला झाडावर चढतात. हे पालू म्हणजे आपली खिरणीच.

समुद्राकडे वळू. बेटाच्या दक्षिणेला उथळ समुद्राची पट्टी अरुंद आहे, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो, आणि खालचे पोषक पाणी वर येण्याच्या ठिकाणी निळ्या देवमाशाचे खाद्य जमते. जगातील बहुतेक निळे देवमासे थंड ध्रुवीय समुद्रात खातात आणि उष्ण समुद्रात वितात. श्रीलंकेच्या सागरी शास्त्रज्ञ आशा डि व्हॉस यांनी दाखवून दिले की येथील देवमासे उष्ण पाण्यातच राहतात आणि येथेच खातात. डिसेंबर ते एप्रिल ते मिरिस्साजवळ पाहता येतात, आणि नैर्ऋत्य वारे सुरू झाले की तो समुद्र बोटींना बंद होऊन पूर्वेचे त्रिंकोमाली शांत होते. पुन्हा तेच गणित: डोंगराची एक बाजू ओली, तेव्हा दुसरीकडचा समुद्र निवांत. दक्षिणेच्या याच पाण्यातून जगातील अत्यंत वर्दळीचा जहाजमार्ग जातो आणि जहाजांच्या धडकेने देवमासे मरतात. पर्यटकांच्या बोटींनी तरी शंभर मीटरचे अंतर पाळावे, एवढी अपेक्षा प्रत्येक प्रवासी ठेवू शकतो आणि बोटवाल्याला तसे आधीच बजावू शकतो.

मराठी कुटुंबांच्या सुट्ट्या या गणितात कशा बसतात, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नाताळ ते फेब्रुवारी हा मिरिस्सासाठी उत्तम काळ आहे. जानेवारी ते मार्च हॉर्टन प्लेन्स बऱ्याच अंशी मोकळे असते, पण मिन्नेरिया भरलेला असतो आणि यालातील प्राणी पाणी सगळीकडे असल्याने पांगलेले असतात. मे महिन्यात दक्षिण किनारा विसरावा आणि पूर्व किनारा, उडवलवे व याला यांवर भर द्यावा. दिवाळीत दुपारनंतर कोठेही पाऊस येऊ शकतो, म्हणून सगळे फिरणे सकाळीच उरकावे. हत्तींच्या मेळाव्यासाठी मात्र श्रावण-भाद्रपदात, गणपतीच्या आगेमागे निघावे लागते, आणि तेव्हा सुट्टी काढायला सहसा कोणी तयार नसते. यालाचा मुख्य भाग साधारणपणे सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात, हेही त्यात पाहावे लागते. एकाच आठवड्यात सर्व काही दाखवण्याचे आश्वासन कोणी दिल्यास वर्षातील कोणता आठवडा, एवढे विचारावे.

सिंहराजा मी मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण तेथे गटाचा खरा कस लागतो. १९७० च्या दशकात प्लायवूडसाठी त्याची तोड सुरू झाली होती. लोकांच्या विरोधानंतर ती थांबली आणि १९८८ मध्ये या वनाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नागकेशराच्या कुळातील उंच झाडांखाली उजेड इतका कमी असतो की वीस माणसांच्या रांगेतील पुढच्या तिघांनाच काही दिसते. गटाचे सहा-सहा, सात-सात जणांचे तुकडे पाडून, प्रत्येकाबरोबर स्थानिक वाटाड्या देऊन अर्ध्या तासाच्या अंतराने सोडावे. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे दाट विणीचे मोजे मिळतात. ते पँटवरून चढवावेत. मोज्यावर चढलेली काडीएवढी जळू दोन्ही टोके आळीपाळीने टेकत, मधला भाग कमानीसारखा उचलत वर सरकते. ती दिसली म्हणून किंचाळू नये, चिमटीने अलगद काढावी.

बराच वेळ जंगल रिकामे वाटते आणि मग अचानक पक्ष्यांची एक लाटच येते. नारिंगी चोचीच्या सातभाईंचा कलकलाट हा त्या लाटेचा गाभा असतो, त्यांच्याबरोबर तुरेवाला कोतवाल असतो, आणि भोवती लाल चेहऱ्याची मलकोहा, निळी मॅगपाय, कर्णा, सुतार असे अनेक जातींचे पक्षी एकत्र पुढे सरकतात. सातभाई पाला ढवळतात, उडालेले कीटक इतरांना मिळतात, आणि ससाणा दिसताच कोतवाल पहिला ओरडतो. आपल्या भाषेने त्याला दिलेले नाव तेथे अक्षरशः खरे ठरते. या मिश्र थव्यांचा अभ्यास सिंहराजात कित्येक दशके चालू आहे. बेटावरील तीसहून अधिक पक्षिजाती जगात अन्यत्र कोठेही नाहीत, आणि त्यांतील बहुतेक या ओल्या पट्ट्यात आहेत.

आंबोली किंवा गोव्याच्या जंगलात फिरलेल्याला येथे सतत ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटते, आणि ते खरेही आहे. पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून जैवविविधतेचा एकच संपन्न प्रदेश मानला जातो. कर्णा आणि वाळक्या पानासारखा दिसणारा फ्रॉगमाउथ हे पक्षी दोन्हीकडे आहेत. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली होती, तेव्हा रामेश्वर आणि मन्नार यांच्यामध्ये कोरडी जमीन होती. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत चालत जाता येत होते. मग दोन्हीकडचे प्राणी एकसारखे का नाहीत? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने झुडपी बेडूक, गोड्या पाण्यातील खेकडे, खवलेशेपटीचे साप अशा जीवांची जनुके तपासली आणि दाखवून दिले की जमीन जोडलेली असतानाही हे जीव फारसे ये-जा करत नव्हते. पूल होता, पण तो उतरत होता दोन्हीकडे कोरड्याच मैदानात. रामनाथपुरमची तापलेली सपाटी आणि उत्तर श्रीलंकेचा कोरडा पट्टा ओलांडणे ओल्या कातडीच्या बेडकाला शक्य नव्हते. समुद्राने नव्हे, पावसाच्या अभावाने त्यांना वेगळे ठेवले.

सिंहराजातील अनेक झुडपी बेडूक अंडी पाण्यात घालत नाहीत. ओल्या मातीत किंवा पानाखाली घातलेल्या अंड्यातच बेडूकमाशाची अवस्था पार पडते आणि नखाएवढे पूर्ण बेडूक बाहेर येते. अंधार पडू लागताना, पहिली सर आली की त्यांची टिकटिक चारी बाजूंनी सुरू होते. त्या वेळी गटाला वाटेवर पाच मिनिटे विजेऱ्या बंद करून उभे करावे.